शंकरपटात गप्प बसलेलं घड्याळ

मित्रांनो, अशा गोष्टीची सुरुवात "मी एक जुना अमुक आहे" अशी करायची रीत आहे म्हणे. मग करतो बापडा. मी एक जुना घड्याळ-फलक आहे. पत्र्याची लांबट पेटी, पुढे काळपट काच आणि काचेमागे लाल दिव्यांचे आकडे. पेटी दोन ठिकाणी खरचटली आहे, एका कोपऱ्याचा रंग उडाला आहे. पण आकडे पाहा माझे! भर उन्हात, मैदानाच्या पार त्या टोकावरून दिसतात. आणि वेळेचं म्हणाल तर भंडारा जिल्ह्यात माझ्याइतका पक्का दुसरा कोणी सापडायचा नाही. हो, एक आहे, माझा जुळा भाऊ. त्याचंही कौतुक मलाच करावं लागणार, कारण तो फार बोलत नाही.

आम्हा दोघांचा जन्म नागपूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. एकाच पत्र्यातून दोघांच्या पेट्या कापल्या, एकाच पुड्यातले दिवे दोघांत बसवले. मग भंडाऱ्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या मालकानं आम्हाला नेलं. मी लागलो लग्नाच्या हॉलमध्ये. भाऊ लागला जेवणाच्या हॉलमध्ये, भटारखान्याच्या भिंतीला. काय दिवस होते ते! सनई, अत्तर, अक्षतांचा पाऊस. लहान मुलं माझ्याखाली उभी राहून माझे आकडे मोठमोठ्यानं म्हणायची. मला वाटायचं, ही सगळी लग्नं माझ्याच भरवशावर लागताहेत.

पण एक गंमत होती. आमच्या पोटात एक बारीकसा स्फटिक असतो. तो सारखा थरथरतो आणि त्या थरथरण्यावरून आम्ही सेकंद मोजतो. ऊन-थंडीनं त्याची चाल किंचित बदलते. माझ्या हॉलमध्ये गार वारा आणि भावाच्या पाठीशी धगधगती भट्टी. मग काय होणार? चार-सहा महिन्यांत माझं एक आणि त्याचं दुसरंच. वराकडचे जेवणाच्या हॉलमधून ओरडायचे, "मुहूर्त टळून राहिला न!" वधूकडचे माझ्याकडे बोट दाखवायचे, "काही टळत नाही, लय टाइम आहे!" भटजी आम्हा दोघांनाही न जुमानता स्वतःच्या मनगटाकडे बघायचे, आणि नवरदेवाचे मित्र दारात नाचत असायचे ते असायचेच. लग्नं लागायची. पण आमची पत गेली ती गेलीच. शेवटी मालकानं मोठा टीव्ही आणला, आम्हाला उतरवलं आणि गोदामात टाकलं. कोणाला चुकल्यासारखंसुद्धा वाटलं नाही.

गोदामाचं काय सांगू? मोडक्या खुर्च्या, मंडपाच्या कनाती, फाटक्या गाद्या. कोळ्यांनी आमच्या काचेवर खुशाल संसार थाटले. भिंतीपलीकडून सनई ऐकू यायची आणि आम्ही अंधारात मिटल्या तोंडानं पडलेलो. मला फार राग यायचा. भावाला येत होता की नाही कोण जाणे, तो नेहमीसारखा गप्प होता.

आमचं नशीब उघडलं ते तेजस्विनीमुळे. तेजस्विनीचं भंडाऱ्यात विजेच्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान आहे. घराणं विणकरांचं. तिचे आजोबा हातमागावर बसायचे. ही हातात सोल्डरिंगची सळई घेऊन बसते आणि आजोबांसारखीच तोंडानं काहीतरी गुणगुणते. कार्यालयाचा पंखा दुरुस्त करायला आली होती. गोदामात तिची नजर आमच्यावर पडली. ओढणीच्या टोकानं माझी काच पुसली आणि मालकाला म्हणाली, "काका, हे असे काहून टाकले? चांगले आहेत की!" मालक म्हणाले, "ने बाई, तेवढीच जागा मोकळी होईल." असे आम्ही दुकानात आलो. तिनं आम्हाला उघडलं, धूळ काढली, मेलेले दिवे बदलले. बऱ्याच दिवसांनी माझ्या अंगात वीज आली आणि मी एकदम सगळे आकडे लावून टाकले. तेजस्विनी हसून म्हणाली, "बाप्पा! केवढा उतावळा!"

आणि मग एके दिवशी ताराचंद दुकानात आला.

ताराचंद हा पिंपळटोल्याचा शेतकरी. पिंपळटोला म्हणजे करडी गावाच्या वाटेवरचं, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं लहानसं गाव. धान कापून, चुरून, म्हणजे मळून, झाला की तिथे शंकरपट भरतो. पट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पिंपळटोल्यात एका वेळी एकच जोडी सोडतात आणि जिला सगळ्यांत कमी वेळ लागतो ती जिंकते. म्हणजे धावायचं बैलांनी आणि फैसला करायचा घड्याळानं. पटाचा दिवस हा गावचा सण. घरोघर सोयरे उतरतात, लेकी माहेरी येतात, पोरापोरींची लग्नं जुळतात, आणि ज्याच्या घरी पाहुणा नाही त्याला स्वतःचंच घर खायला उठतं.

ताराचंद खुर्चीवर टेकला आणि चहा येईपर्यंतही थांबला नाही. "बाई, मले एक खरी घडी पायजे," तो म्हणाला.

"भिंतीवरची का हातातली?" तेजस्विनीनं विचारलं.

"पटाची. का सांगू तुमाले! मधी पट बंद होते न, ते सुरू झाले तवाची गोष्ट. दोन माणसं दोन टोकांवर हातात घडी धरून उभी होती. याचा अंगठा आधी दबला का त्याचा, देवाले ठाऊक. पंच म्हणे ताराचंदची जोडी पयली. माहा बहीणजवाई कृष्णराव म्हणे, घडी उशिरा दाबली, पयली जोडी माही. मी तापलो. माइक हातात होता. बोलून गेलो, का कृष्णराव खोटा माणूस हाय. चारचौघात बोललो, जी."

"मग? भांडण झालं?"

"कृष्णराव एका शब्दानं बोलला नाई. माही बहीण बोलली. चंद्रकला. भर पटात उभी राहून म्हणे, 'माह्या माणसाले खोटं म्हणलं तुनं. जवा घडी खरी होईन, तवाच मी या घराची पायरी चढीन.' अन् गेली. तीन भाऊबीजा कोरड्या गेल्या. मी तिच्या सासरी माफी मागाले गेलतो. मले जेवू घातलं, पाट दिला, अन् म्हणे, 'माफी नको भाऊ, घडी दाखव.' लय जिद्दी पोरगी हाय. माय फोनवर बोलते तिच्याशी. पण ये म्हटलं का चूप."

तेजस्विनी आमच्याकडे पाहत म्हणाली, "हे दोघं आहेत. एक सुटायच्या टोकाला लावू, एक पोचायच्या टोकाला."

"दोघाईचं जमते का?"

मित्रांनो, मला हसू आलं. आमचं कधी जमलं होतं! मंगल कार्यालयातली सगळी भांडणं डोळ्यांपुढून गेली. पण तेजस्विनी गंभीरपणे म्हणाली, "यांचं यांच्यावर सोडलं तर नाही जमत. तार टाकून जोडले तर तारेत बैलांचे पाय अडकतील. म्हणून दोघांनाही वरून वेळ देऊ. उपग्रहांकडून."

ताराचंदनं आधी छताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "वरून?"

"हो जी, वरून."

आता हे तुम्हालाही नीट सांगतो. आपल्या डोक्यावर, फार फार उंच, उपग्रह फिरत असतात. वाट दाखवायला आणि वेळ सांगायला त्यांना तिथे ठेवलंय. आपल्या देशानंही त्यातले काही सोडलेत. प्रत्येकाच्या पोटात असं घड्याळ आहे की त्याच्यापुढे माझा स्फटिक म्हणजे पाळण्यातलं पोर. ते उपग्रह सारखे वेळ सांगत असतात. तुम्हाला ऐकू येत नाही, पण पांढरी टोपणाएवढी एक डबी उघड्यावर ठेवली की तिला ते ऐकू येतं. तिला अँटेना म्हणतात. तिच्यातून तार माझ्या पोटात येते आणि दर सेकंदाच्या आरंभी मला एक चिमटा बसतो. चिमटा बसला की मी पुढचा आकडा लावायचा. दोन चिमट्यांमधले बारीक तुकडे स्फटिक मोजतो, आणि चिमटा त्याला दर सेकंदाला वळणावर आणतो. भावालाही तोच चिमटा, त्याच क्षणी. मग तो कितीही लांब असो.

दुकानाच्या गच्चीवर तेजस्विनीनं आमच्या दोघांच्या डब्या उन्हात ठेवल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक उपग्रह ऐकू आला. मग दुसरा. मग भराभर आणखी. माझ्या कोपऱ्यातला हिरवा टिपका लागला आणि बसला पहिला चिमटा! मी आकडा बदलला. समोर भाऊ होता. त्यानंही बदलला. पुन्हा चिमटा, पुन्हा दोघे एकदम. पुन्हा. अहो, एवढी वर्षं दोन हॉलांत भांडत काढली आणि आता जणू एकच श्वास घेतोय! मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मला कोणी काही विचारलं असतं तरी मी फक्त वेळच सांगितली असती. म्हणजे तसंही मी तेवढंच सांगतो म्हणा.

तेजस्विनीनं आमच्या काचेपुढे किरणांचे डोळेही बसवले. सुटताना जोडीनं तिकडचा किरण कापला की भाऊ तो क्षण टिपणार. पोचताना इकडचा किरण कापला की मी टिपणार. भाऊ आपला क्षण बिनतारी मला कळवणार, मी वजाबाकी करणार आणि सगळ्यांना दाखवणार. आणि तिनं आम्हाला एक शिस्त लावली. उपग्रह ऐकू येईनासे झाले तर हिरवा टिपका विझवायचा आणि आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा दाखवायच्या. "चुकीचं बोलायचं नाही. समजत नसेल तर गप बसायचं," ती म्हणाली. मला ते फार आवडलं. माझा बाणाच तसा आहे.

पटाच्या आदल्या दिवशी आम्ही टेम्पोतून पिंपळटोल्याला आलो. भाऊ गेला मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, खांबावर. मी लागलो अलीकडच्या टोकाला, ताराचंदच्याच घराच्या भिंतीवर, कारण मैदानाला लागून तेच एक घर आहे आणि तिथे वीज आहे. माझी पांढरी डबी कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपरावर, अगदी मधल्या कण्यावर, बोटभर जाडीच्या सळईला बांधली.

तिथे मला जनाबाई भेटली. ताराचंदची आणि चंद्रकलेची आई. हाडानं काटक, आवाजानं खणखणीत. ती माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे घड्याल माह्या पोरीले आणन म्हणता?"

"घड्याळ फक्त खरं सांगेल, आजी," तेजस्विनी म्हणाली.

"तेवढं पुरे हाय." जनाबाईनं मला हळदी-कुंकू लावलं. काचेला नाही, पेटीला लावलं, तेवढं तिला न सांगता कळलं. मग छपराकडे पाहून म्हणाली, "अन् ते वरती पांढरं सात्यासारखं का उगवलं?" सात्या म्हणजे पावसाळ्यात उगवणारी अळंबी.

"त्याच्यावरच सगळं आहे आजी. ते बिघडलं तर घड्याळ गप."

मित्रांनो, हे वाक्य जनाबाईनं मनात घट्ट धरून ठेवलं. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

पटाचा दिवस उजाडला. थंडी कुडकुडवणारी, पण मैदान माणसांनी भरलेलं. धानाच्या तणसाच्या ढिगांवर पोरं चढलेली. लाखोळी डाळीच्या वड्यांचा वास, फुगेवाले, पाळणे. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली. काठी आणि तुतारी, म्हणजे बैलाला टोचायची आर, बंद, बैलाला हात लावायचा नाही, नुसत्या आवाजानं पळवायचं, असा पटाचा नियम. माइकवर प्रविण होता. त्याच्या जिभेला हाड नाही. "आली आली आली! रोहण्याची जोडी आली! आणि घड्याळ काय म्हणते? पाहा, पाहा!" मग हजारो डोळे एकदम माझ्यावर. मी आकडे लावायचो आणि मैदान दणाणायचं. कोणी हुज्जत घातली नाही. एक हरलेला धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, माझ्यापुढे येऊन मला हात जोडून गेला. अहाहा! मंगल कार्यालयाच्या मालकानं हे पाहायला हवं होतं.

नव्या घड्याळाचा निरोप ताराचंदनं बहिणीकडे धाडलाच होता. दुपारच्या आधी कृष्णरावाचा ट्रॅक्टर आला. मागे ट्रॉलीत त्याची पांढरीशुभ्र जोडी. आणि ट्रॉलीतून उतरली चंद्रकला. ती मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, मोहाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसली. घर समोर. मध्ये फक्त धावपट्टी. इकडे जनाबाई दारात उभी, तिकडे चंद्रकला झाडाखाली. दोघी एकमेकींकडे पाहत होत्या आणि पाहत नसल्यासारखं करत होत्या. ताराचंद दोघींच्या मध्ये उगाच येरझाऱ्या घालत होता. "आता दोनच जोड्या राहिल्या," तेजस्विनी त्याला म्हणाली. "तुमची आणि कृष्णरावांची." ताराचंदनं मान हलवली.

आणि तेवढ्यात छपरावर वानरं आली.

काळ्या तोंडाची, लांब शेपटीची पाच-सहा वानरं. वड्यांच्या वासानं आली असतील. मला दिसत नव्हती, पण कवेलू खडखडताना ऐकू येत होते. एकानं माझ्या डबीला हातही घातला असावा, कारण माझ्या पोटातली तार हिसकली. जनाबाई मागच्या अंगणात होती. तिनं ते पाहिलं आणि ओरडली, "अवं माय! माह्या पोरीच्या येण्यावर बसले हे रांडेचे!" तिनं वानरांना हाकललं. पण पुन्हा आली तर? त्याच्यावरच सगळं आहे! मग ती मागच्या शिडीनं वर चढली. घरातला पाणी भरायचा मोठा पितळी गुंड बरोबर नेला आणि माझ्या डबीवर उपडा घालून आली. वर चार मंत्र पुटपुटली. आता वानराचा बाप आला तरी डबीला काही होणार नाही, अशा समाधानानं खाली उतरली आणि हात धुऊन दारात येऊन उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्या डोक्यावर कोणी पितळेचा हंडा उपडा घातला तर तुम्हाला काय ऐकू येईल? उपग्रहांचा आवाज आधीच नाजूक. तो पितळेतून आत येईना. एक ऐकू येईनासा झाला, दुसरा झाला, मग सगळेच. चिमटा बंद. पोटातला स्फटिक म्हणत होता, मी सांभाळतो, दाखव तू आकडे, कोणाला कळणार आहे? मी म्हटलं, गप रे. हिरवा टिपका विझवला आणि आकड्यांच्या जागी रेघा लावल्या.

नेमकी तेव्हाच कृष्णरावाची जोडी सुटायच्या रेघेवर उभी होती.

"थांबा! थांबा!" प्रविण माइकवर ओरडला. "घड्याळ बंद पडलं!"

तेजस्विनी धावत आली. तिनं वीज पाहिली, तारा पाहिल्या, माझं पोट उघडलं. सगळं ठीक. तिचा चेहरा रडवेला झाला. ती भिंतीला खेटून उभी होती, तिथून छपराचा कणा दिसत नाही. लांबच्या लोकांना तो गुंड दिसत होता, पण त्यांना वाटलं जनाबाईनं पटानिमित्त घरावर कळस ठेवलाय. दोन-चार बायांनी त्याला नमस्कारही करून टाकला होता.

गर्दी कलकलायला लागली. कोणीतरी ओरडलं, "काढा हातच्या घड्या! कायले वाट पायता!" आणि खरंच दोघांनी खिशातून स्टॉपवॉच काढल्या. ताराचंद भिंतीला पाठ टेकून मटकन खाली बसला. मैदानाच्या त्या टोकावरून कृष्णरावाचा आवाज आला, "हातच्या घडीवर मी पळवत नाई! जू सोडा रे!" आणि झाडाखाली चंद्रकला उठली. तिनं सतरंजी झटकली आणि घडी घालायला लागली. जनाबाईनं तोंडाला पदर लावला. मी भिंतीवर, तोंडात रेघा घेऊन. माझ्या आयुष्यात मला एवढं बोलावंसं कधी वाटलं नव्हतं.

तेजस्विनीनं प्रविणच्या हातातून माइक हिसकला. "एक मिनिट! कोणीही जाऊ नका! घड्याळ बिघडलेलं नाही, त्याला आकाश दिसत नाही आहे! लांबून कोणी पाहा, छपरावर पांढऱ्या डबीपाशी काही आहे काय?"

चंद्रकला सतरंजीची घडी घालता घालता थबकली. तिनं छपराकडे पाहिलं. इतका वेळ तीही त्याला कळस समजत असेल. पण आता तिनं कपाळावर हात धरून नीट निरखलं. उन्हात पितळ झळाळत होतं आणि त्याच्या पोटावर एक खोल पोचा होता. तो पोचा तिनंच पाडला होता, लहानपणी, विहिरीवरून येताना. तिच्या हातून सतरंजी गळाली.

ती चालत निघाली. रिकाम्या धावपट्टीवर पाय ठेवला आणि सरळ घराकडे. ती अंगणाच्या कडेपाशी येऊन थांबली आणि आईकडे पाहून कडाडली, "आई! तो गुंड कायले ठेवला वरती? काढ पयले!"

"अवं, वांदरं आलते न!" जनाबाई तितक्याच जोरात. "ते मोडलं असतं त मंग? तू आली असती का?"

"म्हणून गुंड घालाचा का त्याच्या डोक्यावर? जीव गुदमरला न त्याचा!"

"मले का मालूम, त्याले तोंड हाय का नाक हाय?"

आधी प्रविण हसला, तोही माइकवर. मग मैदान हसलं. तणसावरची पोरं गडाबडा लोळली. चंद्रकलेनं ओठ दाबून धरले, पण खांदे हलत होतेच. ताराचंद शिडीवर चढला. शिडी डगमगली. त्या टोकावरून धावत आलेल्या कृष्णरावानं ती खालून दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाला, "सावकाश, ताराचंद. पडशीन." ताराचंदनं वरून त्याच्याकडे पाहिलं. "हो जी," एवढंच म्हणाला. गुंड निघाला आणि माझ्यावर आभाळ मोकळं झालं.

थोडा वेळ लागला. उपग्रह एकेक करून ऐकू आले. हिरवा टिपका लागला, चिमटा बसला, आणि पलीकडे भावाशी माझं पुन्हा जुळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रकला मात्र अंगणाच्या कडेलाच उभी. पायरी चढली नाही. बोलली होती ना ती.

आधी कृष्णरावाची जोडी सुटली. काय धावली! जणू जमिनीला खूर लागतच नव्हते. मी आकडे लावले आणि मैदान वेडं झालं. त्या दिवसाचा सगळ्यांत कमी वेळ. कृष्णरावानं पटका हवेत उडवला. मग ताराचंदची जोडी. ताराचंद स्वतः धुरेवर होता. धूळ उडाली, किरण कापला, आणि मी वजाबाकी केली.

मित्रांनो, ताराचंदची जोडी एका पापणीच्या लवण्याएवढी पुढे होती.

त्यानं बैल थांबवले आणि माझ्याकडे वळून पाहिलं. जिंकलेला माणूस एवढा घाबरलेला मी कधी पाहिला नाही. त्याचे डोळे मला सांगत होते, बाबा रे, मला हरव. क्षणभर माझ्याही मनात आलं, एखादा आकडा इकडचा तिकडे केला तर? जनाबाईचं दार उघडेल. पण मग मी पुन्हा मंगल कार्यालयातलंच घड्याळ झालो असतो, आणि चंद्रकला ज्यासाठी तीन वर्षं झुरली तेही खोटं झालं असतं. मी खरा आकडा लावला.

सगळे कृष्णरावाकडे पाहत होते. कृष्णराव माझ्यासमोर आला. दोन्ही आकडे त्यानं ओठ हलवत वाचले. मग मोठ्यानं म्हणाला, "घडी खरी हाय. मी हरलो!" आणि खो खो हसला. ताराचंद धुरेवरून उतरला, माइकपाशी गेला. माइक हातात घेऊन म्हणाला, "त्या वर्षी मी या माणसाले इथंच खोटं म्हणलं होतं. खोटा मी होतो. हा माणूस सोनं हाय." मग त्यानं मूठभर गुलाल घेतला आणि आधी कृष्णरावाच्या बैलांना लावला.

आणि चंद्रकला? तिनं चप्पल काढली आणि पायरी चढली. जनाबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग तो सगळा खणखणीत आवाज विसरून म्हातारी लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, अन् रडता रडता म्हणाली, "किती वाळली वं तू!" चंद्रकला अंगानं चांगली भरलेली आहे, पण त्यावर कोणी बोललं नाही.

दिवस कलला. पाहुणे पांगले. अंगणात खाट टाकून मायलेकी बसल्या होत्या. तीन वर्षांचं बोलणं साठलेलं. पण कृष्णराव दोनदा दारात येऊन गेला होता, ट्रॅक्टर उभा होता, आणि चंद्रकला बोलता बोलता सारखी माझ्याकडे पाहत होती. मी आपला इमानानं पुढचा आकडा, पुढचा आकडा. प्रत्येक आकड्याला जनाबाईचा चेहरा थोडा उतरायचा. मी ते पाहत होतो. माझा काय इलाज होता?

शेवटी जनाबाईनं तेजस्विनीला हाक मारली. "बाई, तुहं घड्याल आता बंद कर."

"काहून आजी? बरोबर आहे की ते."

"बरोबर हाय म्हणून तं! माही पोरगी घरी हाय. आता मले वेळ पाहाची नाई."

तेजस्विनी माझ्याकडे बघून हसली, आणि तिनं माझा प्लग ओढला. खरं सांगतो, आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी विझलो नाही.

पुढे काय झालं ते मला माहीत नाही, मी बंद होतो. दुसऱ्या दिवशी तिनं मला उतरवायच्या आधी एकदा लावून पाहिलं. ऊन कवेलूंवर आलं होतं. ट्रॅक्टर तिथेच उभा होता, कृष्णराव आणि ताराचंद मिळून बैल धूत होते, आणि अंगणातल्या खाटेवर त्या दोघी अजून बोलतच होत्या.

आता दरवर्षी मी पटाला जातो. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर काच कोरड्या फडक्यानं पुसा, तारा उंदरांपासून जपा आणि माझ्या डोक्यावरचं आकाश मोकळं ठेवा. मग मी तुम्हाला कधी फसवणार नाही. शाळेला, गाडीला, परीक्षेला जाताना अवश्य माझ्याकडे पाहा. पण आपलं माणूस पुष्कळ दिवसांनी घरी आलं ना, की एवढं ऐका माझं, माझ्याकडे पाहू नका.